शाळेच्या अंगणातला सलग कोबा

त्या गवंड्याला सगळे भेगमिस्त्री म्हणत. घर कितीही नवं असो, त्याची नजर आधी भिंतीवर जायची. लेकीच्या सासरी पहिल्यांदा गेला, तेव्हा पाण्याचा पेला हातात यायच्या आत म्हणाला, "ही भिंत थंडीत उघडणार." व्याह्यांनी परत काही बोलावलं नाही.

पहाटे पाणी गोठणाऱ्या एका डोंगरगावात शाळेच्या अंगणात सिमेंटचा कोबा घालायचं काम त्याला मिळालं. आदल्या दिवशी कोबा ओतून झाला आणि सकाळी स्वारी कटर घेऊन हजर.

बांधकामावरचे साहेब धावत आले. "मिस्त्री, काल घातलेला कोबा आज कापताय? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"साहेब, थंडीत हा आकसणार. भेग पडायचीच. दर चार पावलांवर सांधा कापला, तर ती आपण सांगू तिथे पडेल."

"मला अंगण आरशासारखं सलग हवंय. उद्घाटनाला मोठी माणसं यायचीत."

मिस्त्रीने कटर गुंडाळलं. उद्घाटन थाटात झालं.

थंडी पडली आणि फाटकापाशी केसाएवढी रेघ उमटली. दिवसा तिच्यात पाणी मुरायचं, पहाटे त्याचा बर्फ होऊन फुगायचा. ऊन तापायला लागलं, तोवर भेग झेंड्याच्या खांबाला वळसा घालून मुख्याध्यापिकाबाईंच्या दारात पोचली होती.

चौकशी झाली. साहेबांनी अहवालात कारण लिहिलं : 'सांधे ठेवलेले नाहीत.' खाली मिस्त्रीची सही घेतली.

बायको भडकली. "अहो, सही केलीत?"

"वाक्य खरं होतं ना."

"आणि सांधे कुणी ठेवू दिले नाहीत, ते?"

"त्याला कागदावर रकाना नव्हता."

तरी बायकोचं बोलणं त्याला लागलं. दुरुस्तीला बोलावलं, तेव्हा तो अडून बसला. दर चार पावलांवर सांधा कापावा, असं साहेबांच्या अक्षरात लिहून घेतलं, मगच कोबा नव्याने ओतला आणि कटर लावलं.

पुढच्या थंडीत साहेब पाहुण्यांना अंगण दाखवत होते. सांध्यांची कल्पना आपल्याला कशी सुचली, तेही सांगत होते. मिस्त्री फाटकाशी उभा होता.

मुख्याध्यापिकाबाई कौतुकाने म्हणाल्या, "मिस्त्री, यंदा एकही भेग नाही हो!"

"आहेत की बाई, सगळ्या आहेत. रांगेत उभ्या आहेत."

बाईंनी चष्मा लावला आणि सांध्यात वाकून पाहिलं. साहेब पाहुण्यांना घाईघाईने चहाला घेऊन गेले.