मी झोपलेले देवमासे आडवे केले

एका तांड्यात एक दादी होती, तिची दहावीतली नात होती सोनल, आणि दोघींच्या घरात सात देवमासे होते. दादी म्हणजे मी. आता काय घोळ घालून ठेवला मी, ते ऐका.

देवमासे कपड्याचे. माझ्या जुन्या घागऱ्याचे मीच शिवले, डोळ्यांच्या जागी आरसे लावले. दारव्ह्याले तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. माझ्या पोरानं सोनलले सांगून ठेवलं होतं, पहिला नंबर आला तरच पुढं यवतमाळले सायन्स शिकायले धाडीन. म्हणून पोरगी जीव लावून कामाले लागली.

शिवता शिवता मी तिले विचारून विचारून हैराण केलं. स्पर्म व्हेल म्हणे ह्या जातीचं नाव. अंगाचा तिसरा हिस्सा नुसतं डोकं, अन् त्यात तेल भरलेलं! म्हणतात मासा, पण श्वास हवेत घेते, पिल्लाले दूध पाजते. मग मासा कायचा? म्हशीची बहीणच झाली ना? माय माकूळ नावाचे लंब्या हातांचे जीव धरायले तासभर खोल काळोखात बुडी मारते. पिल्लाले तेवढी बुडी जमत नाही, मग मावश्या अन् आज्या त्याले वर सांभाळतात. मले तर आपलाच तांडा वाटला.

फक्त ते झोपतात कसे, हे ती सांगत होती तेव्हा मलेच झोप लागली.

प्रदर्शनाच्या दिवशी सोनलनं लाकडी चौकटीले मासे टांगले, मले राखणीले बसवलं अन् डबा खायले गेली. मी वर पाहते तर काय! सगळे उभे लोंबून राह्यले, जसे वाळत घातलेले पायजमे. अन् सगळ्यात मोठा मासा, त्यांचा बाप, एकटाच दूर कोपऱ्यात. काहून बापा, याले वाळीत टाकलं का?

घाईत बांधले असतील पोरीनं, म्हणून मी सारे सोडले. एकेकाले दोन दोन दोरे लावून आडवे केले. माझी सासू सांगे, बैलांवर माल नेणारे आपले लोक मुक्कामाले गोण्या गोल रचत अन् लेकरं मधात ठेवत. तसंच केलं. पिल्लू मधात, बायांची तोंडं त्याच्याकडे. बापालेही आणून बसवलं घरात.

तेवढ्यात परीक्षक मॅडम आल्या, मागून सोनल. पाटीवर काय लिहिलं, मले वाचता येत नाही. मॅडमनं मोठ्यानं वाचलं, "झोपलेलं कुटुंब."

पोरीचं तोंड पांढरं पडलं. मी म्हणलं, "मॅडम, हे मी केलं. तिचा काही दोष नाही."

सोनल पुढं झाली अन् बोलायले लागली. हे मासे उभेच झोपतात, तेही थोडा वेळ. असं गोल रिंगण करतात ते शत्रू आल्यावर, पिल्लू वाचवायले. मॅडम पुढं वाकल्या.

"आणि हा मोठा?"

"नर आहे, मॅडम. वयात आला की थंड समुद्राकडं निघून जाते. दादीनं त्याले घरी आणला."

मॅडम हसल्या अन् खुर्ची ओढून बसल्या. अर्धा तास विचारत राह्यल्या, ही सांगत राह्यली. पाठ केलेलं असतं तर पहिल्याच प्रश्नाले अडकली असती.

पहिला नंबर आला. पोरानं शब्द पाळला. आमच्या तांड्यातून सायन्सले गेलेली पहिली पोरगी म्हणजे माझी सोनल.

आताही सुट्टीत आली की पुस्तक उघडून मलेच विचारते, "दादी, तुले काय वाटते, हे कसं असेल?"

मी विचार करून, नीट समजावून सांगते.

ती बरोबर त्याच्या उलटं लिहिते.