गेटपुरतं हेल्मेट

हेल्मेट डोकं वाचवायला असतं, हे रांजणगावच्या आमच्या कंपनीत कुणाच्या गावीही नव्हतं. हेल्मेट गेटसाठी असायचं. नव्वदच्या दशकात वसाहत नवी, नियम नवे, साहेबही नवे. मोटारसायकलवाल्याच्या डोक्यावर हेल्मेट नसलं, की वॉचमन हजेरीचं कार्ड द्यायचा नाही. मग काय, शिरूरपासून माणसं हेल्मेट कोपरात अडकवून यायची आणि गेटच्या अलीकडं, चहाच्या टपरीपाशी थांबून डोक्यावर चढवायची. वॉचमन रोज बघायचा. त्याचं काम गेटपुरतं.

मी मात्र सुरक्षा समितीत होतो. मार्चातल्या सुरक्षा सप्ताहात रोज सकाळी सगळ्यांना शपथ द्यायची ती मीच. त्या वर्षी घोषवाक्याचं पहिलं बक्षीसही मला जाहीर झालं होतं. ‘डोक्यावर हेल्मेट, घरी सुखाने भेट.’ लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते असं.

कारण हेल्मेट आम्हा पर्मनंट लोकांनाच फुकट. कंत्राटी माणसानं स्वतःचं घ्यायचं. माझे दाजी, म्हणजे धाकट्या बहिणीचे मालक, कंत्राटी होते. मूळचे दौंडकडचे, कामासाठी आमच्याच गावात खोली घेऊन राहिलेले. पहिल्याच आठवड्यात ते हेल्मेट विकत घ्यायला निघाले, तर मीच अडवलं.

“कशाला पैशे घालताय दाजी? माझी पाळी सुटती आन् तुमची लागती. माझंच घाला की.”

“पर्मनंट झालो की कंपनीच देईल, न्हाई का पाव्हणं?”

“व्हय तर.”

झालं. मी तीनला सुटायचो, त्यांची पाळी साडेतीनला लागायची. ते घरून बोडक्या डोक्यानं यायचे, टपरीवर माझं हेल्मेट घालून आत जायचे. मी बोडका घरी. रात्री जाता जाता ते हेल्मेट माझ्या ओट्यावरच्या खुंटीला अडकवून जायचे. आमच्या दोघांची ही हुशारी बहिणीला ठाऊकच नव्हती. आणि आम्ही काही एकटे नव्हतो. त्या टपरीवर तीनच्या सुमाराला निम्मी हेल्मेटं हात बदलायची.

सप्ताहाच्या चौथ्या दिवशी मी नेहमीसारखा टपरीवर हेल्मेट मांडीवर घेऊन बसलो होतो. सव्वातीन झाले. साडेतीनचा भोंगा झाला. मी चरफडत होतो. “शब्द टाकून लावलं ह्यांना, आन् आता माझंच नाक कापत्यात,” असं टपरीवाल्याला ऐकवलंसुद्धा. दुसरा चहा घेतला. तेवढ्यात कंपनीच्या बसचा ड्रायव्हर माझ्याकडं चालत आला. न्हावऱ्याच्या रस्त्याला उसाची ट्रॉली हात न दाखवता वळली होती, आणि दाजी तिच्यावर आदळले होते.

अंगावर दुसरीकडं ओरखडाही नव्हता. फक्त डोकं. हे मी सरकारी दवाखान्यात माझ्या डोळ्यांनी बघितलं, तेव्हा हेल्मेट माझ्या हातातच होतं.

मातीला अख्खं गाव आलं. जो तो एकच विचारायचा, डोक्याला काही नव्हतं का? बहीण माझ्याकडं बघत होती. आणि मी, शपथ देणारा, बोललो, “कितीदा सांगितलं हेल्मेट घ्या म्हणून. ऐकतच नव्हते.” मेलेल्या माणसावर ढकललं. ते उलटून थोडंच बोलणार होते.

कंपनीनं हात झटकले. अपघात गेटबाहेरचा, म्हणजे कामावरचा नाही. सप्ताहाचा समारोप पुढं ढकलला, रद्द केला नाही. मी गेलो. घोषवाक्य माईकवर म्हणून दाखवलं, बक्षिसाचा थर्मास घेतला, टाळ्या घेतल्या. खरं सांगितलं असतं, तर हेल्मेट दुसऱ्याला दिलं म्हणून नोकरीवर गदा आली असती. एवढाच विचार मी केला, दुसरा नाही. पुढच्या महिन्यात कंत्राटी माणसांनाही हेल्मेटं वाटली, वरातीमागून घोडं. त्याचं श्रेयही समितीला, म्हणजे मला.

बहिणीनं मात्र माझा शब्द धरून ठेवला. दौंडला सासरी, बाजारात, कुठंही विषय निघाला की सांगायची, माझ्या भावानं लई सांगितलं, ह्यांनीच ऐकलं नाही. सासूनं एकदा मुलाची बाजू घेतली, तर तिच्याशी भांडली माझ्यासाठी. मी समोर बसून जेवत होतो.

दहा-बारा वर्षांनी भाचा त्याच वसाहतीत कामाला लागला. रुजू व्हायच्या सकाळी बहीण त्याला घेऊन माझ्या दारात आली. पिशवीतून नवं कोरं हेल्मेट काढलं. मजुरीच्या पैशातून घेतलेलं.

“दादा, तुझ्या हातानं घाल त्याला. बापानं न्हाई ऐकलं, ह्यो तरी ऐकू दे तुझं.”

भाचा मान खाली करून उभा राहिला. मी हेल्मेट घातलं, हनुवटीखालचा पट्टा लावला, ओढून बघितला. बहीण पदरानं डोळे पुसत होती.

“तू सांगितलं हुतंस ना रं त्यांना?” तिनं विचारलं.

“व्हय,” मी म्हणालो. “लई येळा.”