तिने हात काढून घेतला

मी आडवी होते. डोळ्यांवर काळी पट्टी. कानात हळू वाजणारं कसलंसं संगीत. दंडात इंजेक्शन जाऊन थोडा वेळ झाला होता आणि माझं शरीर मला सापडत नव्हतं. पाय कुठे, पोट कुठे, काही कळत नव्हतं. फक्त उजवा हात कळत होता, कारण तो कुणीतरी धरला होता.

मग मी बोलले. मराठीत बोलले. आईबद्दल बोलले.

आणि तो हात गेला.

मी चाचपडत राहिले. बुडणारं माणूस हलवतं तशी हवेत बोटं हलवत राहिले. थोड्या वेळाने हात परत आला. पण त्याला कातडी नव्हती. गार, गुळगुळीत, रबरासारखं काहीतरी होतं. मी पट्टी वर सरकवली. माझ्या थेरपिस्टने, मृदुलाने, निळे ग्लोव्ह्ज घातले होते.

लंडनमध्ये. रजिस्टर्ड क्लिनिकमध्ये. कायदेशीर. सेफ.

हे शेवटचे दोन शब्द मला फार महत्त्वाचे होते. का, ते सांगते.

मी रेल्वेचे सिग्नल डिझाइन करते. वर्क व्हिसावर आले. पहिला हिवाळा गेला, दुसरा गेला, आणि मी पलंगावरून उठेनाशी झाले. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, एक गोळी दिली. मग दुसरी दिली. दोन्हींनी झोप आली, दुसरं काही आलं नाही. टॉकिंग थेरपीची वेटिंग लिस्ट संपेना. ऑफिसमधला एक पुणेकर म्हणाला, "ईलिंगला एका घरी शनिवारी ग्रुप बसतो. मशरूमचा चहा असतो. खूप हीलिंग आहे, तू ये."

मी विचारलं, "ते नशेचे मशरूम ना? इथे बंदी आहे. पोलीस आले तर?"

"कोणी येत नाही गं."

त्याच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होता. तो पकडला गेला असता तर वकील केला असता. मी पकडली गेले असते तर विमानात बसवली गेले असते. शिवाय तिथे बीपी कोण बघणार होतं? माझी चालू गोळी आणि तो चहा जमतो का, हे कोण सांगणार होतं? तो म्हणाला, "इतका विचार करायचा नसतो, सरेंडर करायचं." सरेंडर करायला आधी हातात काहीतरी असावं लागतं.

मी नीट रस्ता शोधला. मशरूममधलं औषध इथे रिसर्चच्या ट्रायलमध्येच कायद्याने मिळतं. ट्रायलवाल्यांनी सांगितलं, आधी तुमची गोळी बंद करा. जीपी म्हणाली, आत्ता बंद केलीस तर मला भीती वाटते. तो रस्ता मिटला. उरलं केटामाइन, मूळचं भुलीचं औषध. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, क्लिनिकमध्ये, थेरपीसोबत देता येतं. मी पैसे साठवले. जीपीचं पत्र, हृदयाची तपासणी, रक्तदाब, सगळं झालं. घरी न्यायला माणूस हवं, ही अट होती. एजवेअरची माझी मैत्रीण करुणा म्हणाली, "मी येते गाडी घेऊन."

क्लिनिकवाले खूष होते. म्हणाले, तुमच्यासाठी मराठी थेरपिस्टच आहे. कल्चरल मॅच.

मृदुला पहिल्याच भेटीत म्हणाली, "अगं, किती बरं वाटतं मराठी ऐकून!" मग विचारलं, "मूळ कुठली?"

"वर्ध्याकडची."

"आणि आडनाव?"

मी सांगितलं. आमचं आडनाव गावावरून आहे, शेवटी 'कर' आहे. जात कळू नये म्हणून आजोबांनी मुद्दाम लावून घेतलं होतं. तिने मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर हिशेब लागल्याचं समाधान मला दिसलं. ती नजर मला शाळेपासून ओळखू येते. मी तो हिशेब दुरुस्त केला नाही. मी आजारी होते, परीक्षा द्यायला आले नव्हते.

त्या भेटीत आमचं ठरलं होतं. भीती वाटली तर ती माझा हात धरेल. मी मागितला तरच, आणि मी सोडेपर्यंत. हे तिनेच समजावलं होतं. "औषधाखाली माणूस उघडा पडतो गं. म्हणून आधी ठरवायचं."

मी उघडी पडले ती अशी.

मी चौथीत. रांगेत, हातात ताटली. आमच्या शाळेत खिचडी शिजवायचं काम त्या आठवड्यात आईला मिळालं होतं. मला इतका अभिमान होता की मी रांगेत पुढे गेले नाही, मागे उभी राहिले, सगळे आईच्या हातचं खाताना दिसावेत म्हणून. गावातली चार माणसं आली. "हिच्या हातचं आमची लेकरं खाणार नाहीत." हेडमास्तर भांड्याकडे बघत म्हणाला, "ओता." शिपायाने पातेलं शाळेमागच्या नालीत उलटं केलं. पिवळी गरम खिचडी. वाफ निघत होती नालीतून. मला भूक लागली होती. मी नालीकडे बघत होते आणि मला खिचडी खावीशी वाटत होती. आई म्हणाली, "पोरी, रडू नको. थे भांडं घासाले घे."

दुसऱ्या दिवसापासून आईला मैदान झाडायला लावलं.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या खोलीत मी ते सांगत होते. आमच्या जातीचं नाव त्यात आलं. त्या माणसांनी घेतलं होतं तसंच आलं.

तिथे हात सुटला.

औषध उतरलं. नर्स ग्रेसने बीपी घेतलं, पाणी दिलं, केस मागे केले. ग्रेस घानाची. तिचे हात उघडे होते. ग्लोव्ह्ज तिने इंजेक्शनपुरते घातले होते आणि कधीच टाकून दिले होते. ती बाहेर गेली. मृदुला समोर बसली होती.

"तुम्हाला बरं वाटतंय का?" ती म्हणाली.

तुम्ही. तासाभरापूर्वी मी 'अगं' होते.

मी विचारलं, "ग्लोव्ह्ज का घातलेत?"

ती गडबडली. मग मराठीत, हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला जाणवलं? सॉरी हं. माझ्या मनात तसं काही नाही. लहानपणापासूनची सवय. आपोआप झालं." आणि पुढे म्हणाली, "पण बघा ना, हे सगळं तुम्ही अजून किती धरून ठेवलंय. औषध तेच सांगतंय. सोडून द्यायचं."

सोडलं कुणी होतं?

गाडीत मी करुणाला सगळं सांगितलं. तिने गाडी बाजूला घेतली. करुणा आमच्यातलीच. फोन उचलते तोच जयभीम म्हणून. मला वाटलं, ती मला जवळ घेईल. तिने घेतलं नाही. म्हणाली, "उद्या फोन करून मीटिंग माग. रडायचं असेल तर मीटिंगनंतर रड."

मी मागितली.

मीटिंगला क्लिनिकचा मुख्य डॉक्टर होता, गोरा, मऊ आवाजाचा. मृदुला होती. ग्रेसला मी हट्टाने बोलावलं होतं. मृदुला इंग्रजीत बोलली, स्वच्छ, सुंदर इंग्रजीत. ती म्हणाली की केटामाइनखाली पेशंटची स्पर्शाची जाणीव बदलते. पेशंटचा भूतकाळ वेदनेचा आहे. पेशंटने तो भूतकाळ तिच्यावर आरोपित केला असावा. ग्लोव्ह्ज इन्फेक्शन कंट्रोलसाठी होते.

पेशंट, पेशंट. मी तिथेच बसले होते.

डॉक्टरने ग्रेसकडे बघितलं. ग्रेस म्हणाली, "सुरुवातीला तिचे हात उघडे होते. मध्येच उठून तिने माझ्या बॉक्समधून ग्लोव्ह्ज घेतले. मला विचित्र वाटलं." इतकंच म्हणाली.

डॉक्टर म्हणाला, गैरसमज दिसतो. तुम्ही दोघींनी एक सेशन एकत्र करा, नातं दुरुस्त करायला. शेवटी तिला तुमचं कल्चर समजतं.

मी म्हटलं, "तिला माझं कल्चर समजलं, म्हणूनच तिने हात काढला."

त्याला कळलं नाही. मृदुलाला कळलं. ती माझ्याकडे झुकून मराठीत म्हणाली, "कशाला वाढवतेस? इथल्या लोकांसमोर आपलंच वाईट दिसतं."

आता पुन्हा मी 'तू' होते. आता पुन्हा 'आपलं' होतं.

आयुष्यभर हे असंच चाललं होतं. मराठीत एक, इंग्रजीत दुसरं. खोलीत एक, बाहेर दुसरं. आणि मधे मी, दोन्ही भाषा कळणारी, गप्प. मी डॉक्टरकडे वळले आणि म्हटलं, "तिने आत्ता मला काय सांगितलं ते भाषांतर करते." शब्दाला शब्द सांगितलं. मग म्हटलं, "आणि त्या दिवशी काय सांगितलं, तेही करते." सवय. आपोआप. सोडून द्यायचं. सगळं सांगितलं. ती सवय कसली, हेही सांगितलं. जात हा शब्द उच्चारला. माझी कुठली, तेही उच्चारलं. नालीसुद्धा सांगितली.

मृदुला म्हणाली, "दॅट्स नॉट द कॉन्टेक्स्ट."

डॉक्टरने विचारलं, "पण असं म्हणालात का तुम्ही?"

यातून फार मोठं काही झालं असं कुणी समजू नये. क्लिनिकने दिलगिरी कळवली, 'तुम्हाला जे वाटलं त्याबद्दल'. मृदुलाला एक ट्रेनिंग दिलं. ती तिथेच काम करते. माझी उरलेली सेशन्स मी सोडली नाहीत. ती माझी होती, तिच्यासाठी मी का सोडायची? दुसरी थेरपिस्ट मागितली. ती स्कॉटिश. तिला मी आधीच विचारलं, "जात म्हणजे काय, माहीत आहे?" ती म्हणाली, "नाही. सांगाल का?" तो तास मी माझ्या खर्चाने तिला शिकवण्यात घालवला. चीड आली. पण ऐकणारा माणूस निदान ऐकत होता.

बरी झाले का? सकाळी उठते. ऑफिसला जाते. काही दिवस अजून काळे असतात. औषधाने जखम दाखवली, पण ती करणारे बाहेरच आहेत. कुठलंच इंजेक्शन त्यांच्या मनातली जात उतरवणार नाही.

आता रविवारी आमची जयभीमवाली मंडळी जमतात त्या हॉलमध्ये कुणी हळूच विचारतं, "ताई, ते थेरपीचं खरंच लीगल असतं का?" मी सांगते. रजिस्टर्ड जागा बघा. चालू गोळ्या लपवू नका. हृदय तपासून घ्या. कुणाच्या घरचा चहा पिऊ नका. एकटे जाऊ नका. आणि डोळ्यांवर पट्टी बांधण्याआधी विचारा की जातीवरून अपमान झाला तर तुमच्याकडे काय नियम आहे. बहुतेक ठिकाणी नियम नसतो. तो विचारून विचारून लिहायला लावायचा आहे.

मृदुलाच्या व्यावसायिक संस्थेकडे मी तक्रार केली आहे. त्यांनी विचारलं, नाव गुप्त ठेवायचं का? मी म्हटलं, नको. तेव्हापासून तक्रार मागे घे म्हणून निरोप येतायत. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी फोन केला, "अगं, तिचं करिअर जाईल. तू शिकलेली मुलगी. माफ कर आणि पुढे जा."

मी म्हटलं, "काकू, पुढेच चाललेय. सुनावणीला."

आणि फोन ठेवला.