मागच्या पेटीतले वजन

स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी आम्हा भावांनी भडगावजवळच्या शेतासाठी लहानसा ट्रॅक्टर घेतला. त्याला जोडायची अवजारे निवडण्याचे काम धाकट्या भावाने माझ्यावर सोपवले. मी धुळ्याच्या पाठशाळेत व्याकरण शिकलेला. अवजारांचे माझे ज्ञान ते किती! तरीही जळगावच्या दुकानात बोलत होतो मीच. गिरणाकाठची उंचसखल जमीन केळीसाठी सपाट करायची होती, म्हणून नांगराबरोबर पुढे बसवायचे, माती लोटणारे पाते घेतले. मागच्या चाकांना लावायची लोखंडी वजने मात्र मी नाकारली आणि मागे अडकवायची पत्र्याची रिकामी पेटी पसंत केली.

"शास्त्रीबुवा, ही दगडांनी काठोकाठ भरा," दुकानातल्या मिस्त्रीने बजावले. "पुढे पाते आले की मागची चाके हलकी पडतात. बैलाचे वजन त्याच्या अंगात असते, याला ते बाहेरून द्यावे लागते."

"दगडांना काय तोटा? आमच्याकडे तेच पिकतात," भाऊ म्हणाला.

आमच्याकडे वर्षाच्या बोलीने राहिलेला सालदार होता. त्याने दगड वेचून पेटीत टाकले आणि शेवटी बांधावरची एक जड, चपटी शिळा पहारीने उचकटून काढली. तिच्या खाचेत मला तांबडे काही दिसले. कुणा पूर्वजाने पूजलेली असावी असे वाटून मी हात जोडले आणि ती होती तिथेच ठेवायला सांगितले. शिळा त्याने पुन्हा जागेवर लोटली.

पेटी निम्मी रिकामी राहिली. भाऊ ट्रॅक्टर चालवू लागला, तशी ओलसर काळ्या मातीत चाके जागच्या जागी फिरू लागली. आणखी दगडांसाठी नाल्यापर्यंत जावे लागले असते. तेवढ्यात सालदारच पेटीवर चढला आणि मला म्हणाला,

"चालू द्या, आबा. वखरवर उभं ऱ्हाईसन जनम गया मना. मी काय त्या दगडपेक्षा हलका शे का?"

भाऊ हसला. मीही हसलो. वखर जमिनीत रुतावा म्हणून त्यावर माणूस उभा राहतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. पण बैल वखर घेऊन एकदम मागे येत नाहीत. पात्याने माती लोटून झाल्यावर भावाने ट्रॅक्टर मागे घेतला. त्या हिसक्याने सालदार कडेला घसरला आणि चाक त्याच्या पावलावरून गेले.

धुळ्याच्या इस्पितळात पाऊल वाचले, बोटे वाचली नाहीत. मी भेटीला गेलो तेव्हा म्हणालो, "त्या शिळेचा मान राखला, आणि तुला मात्र..."

तो ओशाळून म्हणाला, "आबा, तो शेंदूर नव्हता. पोळ्याले बैलस्ना शिंगे रंगाडीसन मीच तठे हात पुसेल व्हतात."

"मग तेव्हाच का नाही सांगितलेस?"

"तुम्ही हात जोडात. मंग मी काय बोलू?"

तो रंग खरोखर शेंदूर असता, तर माझा अपराध कमी ठरला असता का? मी मनाशी पुष्कळ युक्तिवाद केले, एकही टिकला नाही. माझ्या जोडलेल्या हातांपुढे तो गप्प राहिला होता. तो पेटीवर चढला, तेव्हा मला गप्प राहायला कोणी भाग पाडले होते?

मी उभाच आहे हे पाहून त्याने धड पाय आखडून घेतला आणि खाटेवर मला जागा करून दिली. "बसा ना, आबा," तो म्हणाला. मला बसवले नाही.