गोष्टीतल्या मुलीची भीती

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मुलांसाठी मराठीत गोष्टी लिहायला लागले. बनारसमध्ये मराठी वाचणारी मुलं फार थोडी. त्यातली एक दूधविनायकच्या आमच्या गल्लीत, समोरच्याच घरात राहायची. बारा वर्षांची. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि बोलताना दोन्ही मिसळलेल्या. इथे आम्हा सगळ्यांचं तसंच असतं. पण एका लग्नासाठी ती पुण्याला गेली आणि तिथे तिनं तोंड उघडलं की चुलतबहिणी हसायच्या. परत आली ती मराठी सोडूनच. काही विचारलं तर मान हलवायची, नाहीतर हिंदीत उत्तर द्यायची.

मी तिला माझी नवी गोष्ट वाचायला दिली. नावेत बसायला घाबरणारी एक मुलगी असते. आजोबा म्हणतात, ‘तुला जमेल,’ आणि ती टुणकन नावेत उडी मारते.

थोड्या दिवसांनी ती कागद परत घेऊन आली. ‘‘कशी वाटली?’’ मी विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, ‘‘काकू, ही गोष्ट झूठी आहे.’’

‘‘का गं?’’

‘‘असं एकदमसे कोणाचं डर जात नाही. आजोबा बोलले आणि गेलं?’’

मला जरा लागलंच. पण कितीतरी दिवसांनी ती मराठीत बोलत होती, म्हणून मी जपून विचारलं, ‘‘मग कसं जातं?’’

‘‘जातच नाही. ती थरथरतच बसेल, नाव घट्ट पकडून. आणि आजोबांनी तेव्हा चूप राहायचं.’’

मी कागदावरची ती उडी खोडून टाकली.

त्यानंतर काही दिवस संध्याकाळी आम्ही बालाजी घाटावर बसून ती गोष्ट नव्यानं लिहिली. नावेत चढणाऱ्या लहान मुलांकडे ती टक लावून बघायची आणि सांगायची, ‘‘पहिले पाय नाही टाकत, काकू. पहिले आईचा हात शोधतात.’’ गोष्टीतली मुलगी आपल्यासारखीच बोलली पाहिजे, ही तिची अट होती. मी ती मान्य केली.

गणेशोत्सवात इथली मराठी घरं एकत्र येतात, मुलांचे कार्यक्रम होतात. मी तिला गोष्ट वाचशील का विचारलं. तिनं आधी नकार दिला, मग आपणहून येऊन ‘वाचते’ म्हणाली.

दुसऱ्याच परिच्छेदाला तिचा आवाज अडकला. मला उठून तिच्याजवळ जावंसं वाटलं, पण मी बसून राहिले. ती पाणी प्यायली, कागद सरळ केला आणि पुढे वाचू लागली. पुढे बसलेला एक चिमुरडा मध्येच ओरडला, ‘‘फिर क्या हुआ?’’ ती हसली. तिथून आवाज मोकळा झाला.

कार्यक्रमानंतर पुण्याहून आलेल्या एक पाहुण्या कौतुकानं म्हणाल्या, ‘‘छान वाचलंस हो. फक्त ‘डर’ नाही, बाळ, ‘भीती’ म्हणावं.’’

‘‘पुण्यात म्हणत असतील,’’ ती शांतपणे म्हणाली. ‘‘या गोष्टीतली मुलगी बनारसची आहे.’’

पाहुण्या मनापासून हसल्या आणि त्यांनी तिच्याकडे गोष्टीची एक प्रत मागितली.

आता ती दहावीत आहे. रविवारी गल्लीतल्या मुलांना माझ्या घरी गोष्टी वाचून दाखवते. वाचायच्या आधी हात अजूनही गार पडतात, असं तीच सांगते. हल्ली ती स्वतः काहीतरी लिहितेय. मी बघायला मागितलं, तर म्हणाली, ‘‘पूर्ण झालं की दाखवीन, काकू. आणि मग तुम्ही खरं खरं सांगायचं.’’