तेल तापलं की नाही

कुस्तीच्या आखाड्यात त्याने उभ्या आयुष्यात पाय ठेवला नव्हता, तरी सगळा बाजार त्याला पैलवान म्हणायचा. अख्खा बोकड एका हाताने आकड्याला टांगणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? खाली मटणाचं दुकान, वर घर. बापाकडून सुरी हातात आली ती कायमची. आणि असल्या घरात पोरगी निघाली शाकाहारी. बाजाराला हसायला कारण मिळालं, पैलवानाला मात्र हसू येत नव्हतं.

पोरीला घरात चिंचोका म्हणत. लहानशी, गुळगुळीत, आणि फोडायला जाल तर आपलाच दात पडेल अशी. तिच्या हट्टाचं मूळ पैलवान स्वतःच. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तिने विचारलं, बाबा, यातलं काय कुठलं असतं? धंद्याचा अभिमान भारी, त्याने तिच्याच अंगावर बोट ठेवून शिकवलं. हा खांदा, ही मान, या बरगड्या. गुदगुल्यांनी पोरगी खिदळत होती. संध्याकाळी जेवायला बसली, ताटातली बरगडी बघितली, स्वतःच्या कुशीला हात लावून बघितला आणि ताट सरकवलं. त्यानंतर मटणाला ती शिवली नाही.

तिच्या आईने वाद घातला नाही. वेगळी कढई, वेगळा डाव, वेगळी सुरी असं सगळं एका फळीवर मांडलं आणि रांधू लागली. आजीला, म्हणजे पैलवानाच्या आईला, ते पटेना. "मटणवाल्याची नात पालापाचोळा खाते, लोकांना वाटेल आपल्याच मालात काही खोट आहे," म्हणायची. शेवटी एकदा तिने पोरीच्या भातात गुपचूप हाडांचं पाणी घातलं. मायेनेच घातलं, पण माया असली म्हणून काय झालं? भातात हाडाची कपची आली ती नेमकी चिंचोक्याच्या दाताखाली. तेव्हापासून आईखेरीज कुणाच्या हातचं ती खाईना. पाण्याचा पेलासुद्धा नाकाशी धरून मग ओठाला लावायची.

आणि आता आईच घरात नव्हती. दुसऱ्या गरोदरपणात काहीतरी गुंता झाला होता. डॉक्टरांनी तिला दवाखान्यात आडवं करून ठेवलं होतं आणि बजावलं होतं, जिवाला घोर लावून घ्यायचा नाही. रोज फोनवर तिचा एकच प्रश्न, "जेवली का?" पैलवान रोज सांगायचा, "पोटभर." खरं म्हणजे पोरगी कोरडा पाव आणि केळी यांवर दिवस काढत होती. तोंड सुपारीएवढं झालं होतं. काल शाळेच्या पायऱ्यांवर तिला भोवळ आली, बाईंनी घरी आणून सोडलं. पैलवान घाबरला.

म्हणून आज त्याने दुकान लवकर बंद केलं. हात साबणाने घासले, मग राखेने, मग लिंबाने. चिंचोक्यापुढे पंजे धरले. तिने वास घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाली, "परत." त्याने परत धुतले. मग ती स्टूल घेऊन ओट्याशी बसली, डोळ्यांत तेल घालून. त्याने फळीवरची कढई काढली, वेगळी सुरी घेतली. बटाटे चिरताना त्याला घाम फुटला. मटण चिरताना हात पुढे आणि डोकं मागून यायचं. इथे उलटं होतं.

शेजारच्या शेगडीवर आजीचं मटण रटरटत होतं. ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात तिची चरबीची वाटी, नेहमीच्या जागी.

पैलवानाने कढईत तेल ओतलं, तेवढ्यात फोन वाजला. चिंचोका धावली. "आई, बाबा माझ्यासाठी भाजी करतोय. हो, मी बसलेय ना बघत. जेवून फोन करते." पलीकडून बायकोचं रडू आणि हसू एकदमच ऐकू आलं. पैलवानाचा ऊर भरून आला, आणि तिथेच घात झाला.

त्याच्या बापाने शिकवलं होतं, तेल तापलं का बघायचं तर नखाएवढी चरबी टाकायची. चुर्र वाजलं की तेल तयार. चाळिशीला आलेला हात, त्याला कोण सांगणार? हात डावीकडे गेला, चिमूट कढईत पडली. चुर्र.

त्याने झटकन झाऱ्याने तुकडा काढून फेकला. वर बघितलं तर आजी बघत होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

चिंचोका परत येऊन स्टुलावर बसली. पैलवानाने कांदा टाकला, बटाटे टाकले. दुसरं काय करणार होता? तेल ओतून द्यावं तर पोरगी का म्हणून विचारणार, आणि सांगावं तर ती उद्यापासून त्याच्याही हातचं खाणार नाही. मग उरलं कोण? आजी त्याच्या कानाशी पुटपुटली, "विरघळून गेलं असेल ते. पोर मरायला टेकलीय, खाऊ दे." खोटं नव्हतं बोलत म्हातारी.

ताट वाढलं गेलं. पैलवान समोर बसला. आता ती वास घेईल, त्याला वाटलं. एक मन म्हणत होतं घे बाई वास, तूच काय ते ठरव.

चिंचोक्याने पावाचा तुकडा मोडला, भाजी उचलली आणि घास सरळ तोंडाकडे नेला. वास घेतला नाही.

पैलवानाने तिचं मनगट धरलं. "थांब. त्यात चरबी पडली होती. माझ्या हातून. मी काढली, पण पडली होती."

"कर्म माझं," आजी म्हणाली आणि कपाळाला हात लावून बसली.

चिंचोक्याने घास ताटात ठेवला. तिचे डोळे भरले, भूक लागली होती हो पोरीला. तेवढ्यात फोन वाजला. पैलवान उठायच्या आत तिने उचलला.

"नाही, आजही नाही जेवले. बाबाने चरबी टाकली." जरा थांबून ती म्हणाली, "पण सांगितलं त्याने. मी विचारलंसुद्धा नव्हतं."

पैलवानाचं रोजचं 'पोटभर' आज उघडं पडलं होतं. मग चिंचोक्याने फोन कानापासून दूर केला.

"आई म्हणतेय, कढई घासून घे आणि तेलात कांद्याचा तुकडा टाकून बघ. आणि रोज तिच्याशी खोटं बोललास ते नंतर बघून घेते म्हणाली."

पैलवानाने कढई घासली, नवं तेल ओतलं, कांद्याची पाकळी सोडली. चिंचोका स्टुलावर उभी राहिली. आजीही गुडघ्यावर हात टेकत उठली, चरबीची वाटी उचलून खिडकीत ठेवली आणि कढईवर वाकली.

"नाही अजून तापलं," आजी म्हणाली.