ध्रुवाची रेघ

भिकाजी तांडेलाने चाळीस वर्षं ध्रुवाच्या भरवशावर गलबत हाकारलं. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्याचं आकाश गेलं. जवळचं तेवढं भिंगातून दिसायचं.

"तारे काय आता या जन्मी दिसत नाहीत," तो एकदा सुनेला, सगुणेला, सहज म्हणाला. ते त्याच्या मुलाने, लवूने ऐकलं.

मुंबईला एका फोटोवाल्याकडे आठ वर्षं राबून लवू जुना लाकडी कॅमेरा घेऊन रत्नागिरीला परतला होता. लग्नामुंजींचे फोटो काढून पोट चालायचं. त्याने ठरवलं, आकाशच काचेवर उतरवून बाबांच्या हातात द्यायचं.

१९३२च्या जानेवारीत त्याने भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत तिपाई रोवली आणि कॅमेरा उत्तरेकडे तोंड करून तासभर उघडा ठेवला. ताऱ्यांच्या रेघा उमटल्या, पण सगळ्या नागमोडी. तीन काचा अशाच फुकट गेल्या.

"तारे नाही थरथरत, तुमचा कॅमेरा थरथरतोय," सगुणा म्हणाली.

"कशावरून?"

तिने कॅमेऱ्यावर पाण्याची वाटी ठेवली आणि कंदील जवळ धरला. झुळूक आली, पाणी हललं. लवू बाजूने चालला, तरी हललं. कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण काढल्यावर तर शांत व्हायला साठ आकडे मोजावे लागले.

मग त्यांनी वाळू सोडून वरचा कातळ गाठला. तिपाईचे पाय आखूड केले, मधोमध जांभ्या दगडाचं ओझं टांगलं, वाऱ्याच्या बाजूला जुनं शीड बांधलं. सगुणेने भिंगासमोर काळा पुठ्ठा धरला, लवूने झाकण काढलं. साठ मोजून झाल्यावरच तिने पुठ्ठा अलगद बाजूला घेतला.

"आता हलायचं नाही," लवू कुजबुजला.

"आणि खोकला आला तर?"

"गिळ!"

चार दिवसांनी भिकाजीने फोटोवर भिंग धरलं. कोरून काढल्यासारख्या कमानदार रेघा, आणि मधे एक अगदी तोकडी, जाड रेघ.

"हा कोण रे?"

"ध्रुव, बाबा."

"म्हणजे हाही फिरतो?"

"थोडासा."

म्हातारा खदखदून हसला. "चाळीस वर्षं फसवलंन की रे मला यानं! आता दक्षिणेचा काढ. अगस्तीचा तारा बघायचाय."

त्या खेपेला तोही हात धरून कातळावर आला आणि तासभर हूं की चूं न करता बसला. मधे एकदाच त्याने हळूच विचारलं, "वर आला असेल ना रे आता?"

"समोरच आहे, बाबा."